डिस्कमधली हाक

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २०२४

यशराज,

वर आशीर्वाद लिहिला तर तू तिथंच कागद फाडशील, म्हणून लिहिला न्हाय. पत्ता संयोगितानं दिला. तिला रागावू नकोस. मी मुरगूडला तिच्या दारात जाऊन बसले, पत्ता दिल्याशिवाय पाणी पिणार न्हाय म्हटलं. तुझी बहीण माझ्याच पोटची, तिनं दुपारपर्यंत खरंच पाणी विचारलं न्हाय. मग दिला.

फोन तू माझ्यापुरता बंद केलायस. ते कळायलाच मला वर्ष लागलं, मला वाटायचं बेंगळुरात रेंज नसती. जाऊ दे. काम हाय म्हणून लिहिते, मायाबिया काय न्हाय.

आबांची ती दिवाळी पाडव्याची डिस्क सापडली, म्हशी नटवून घाटावर नेल्याची. २०१५ सालची. संयोगितानं लग्नातली ट्रंक उपसली, त्यात साड्यांच्या खाली होती. आपल्या घरातलं सगळं पुरात गेलं, फोटो गेले, आबांचा मोबाईल चिखलात गेला, ही तेवढी मुरगूडला होती म्हणून राहिली. तुला आठवत असंल, कुरुंदवाडच्या मल्लेशनं शूटिंग केलंतं. लग्नाची शूटिंग करणारा माणूस म्हशीच्या शूटिंगला कशाला येतोय, पण आबांनी आणला. वर त्याला सांगितलं, "साधी सीडी न्हाय चालायची. सगळ्यात भारी काय असंल त्यात दे." त्यानं ब्लू-रेत दिली. घरात ती चालवायचं मशीन नव्हतं. मी विचारलं, बघायची कशावर? तर म्हणाले, "मशीन येईल की मागनं. आधी माल भारी पायजे." एकदा मल्लेशच्या दुकानात सगळ्यांनी दाटीवाटीनं बघितली तेवढीच.

मल्लेशला फोन केला. म्हणाला, "अक्का, त्याच पुरात आमच्याकडचंबी सगळं गेलं. माझ्याकडं कॉपी न्हाय. मशीन तर कवाच विकलं." म्हणजे आता जगात एवढी एकच हाय.

आपल्या गल्लीच्या तोंडाला मोनाचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान हाय, तिच्या लॅपटॉपात घालून बघितली. घरघर करून बाहेर टाकली. मोना म्हणाली, "काकू, हा डीव्हीडीचा खण हाय, ब्लू-रेला वेगळा लागतो." तो तिनं मागवलाय. पण ती म्हणती, खण आला तरी कॉम्प्युटरात ब्लू-रे चालवायचं सॉफ्टवेअर आधीपासनं नसतंय, ते वेगळं घालावं लागतंय. कुठलं घालायचं ते तिला ठावं न्हाय. तू तेच काम करतोस. कुठलं ते कळीव. संयोगिताच्या पोरीला आजोबा बघायचे हायत, तिच्यासाठी पायजे.

दुसरं काही लिहायचं नव्हतं, पण तू म्हणशील ही विसरली. विसरले न्हाय. २०१९ च्या महापुराच्या त्या बुधवारी तू गुलछडी म्हशीचं दावं सोडलं न्हाईस, म्हणून आबा तिला सोडवाय पाण्यात गेले आणि गोठ्याची भिंत अंगावर आली, असं मी रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर साऱ्यांदेखत बोलले. सयाजीकाकानं तुझ्या थोबाडीत मारली तीपण माझ्या बोलण्यावरनं. त्याबद्दल ह्या पत्रात काय लिहायचं न्हाय मला. फक्त सॉफ्टवेअरचं नाव कळीव.

आई


५ सप्टेंबर २०२४

यशराज,

तुझं उत्तर न्हाय. खण मात्र आला. काळा, चपटा, वायर लॅपटॉपला लावायची. डिस्क आत घेतली आणि बाहेर टाकली न्हाय, तेवढ्यानंच मोनानं हात जोडले.

पण पुढं काय? पडद्यावर नुसती फोल्डरं. एकात बघावं तर दुसरं, त्यात आकडे. नऊ वर्षं आपल्या नवऱ्याला शून्यशून्यशून्य नाव हाय, हे बघून मला कसंतरी झालं. मोनानं मग एक फुकटचा प्लेअर उतरवला, रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात तसला नारिंगी शंकू असतो त्याला. त्यात गुलछडीचा फोटो आला, भोवती फुलं फिरायला लागली, खाली "पहा" असं लिहिलेलं. ते दाबलं तर दबंना. मोनानं आणखी कसलंतरी जावा म्हणून घातलं, तरी न्हाय. फुलं फिरतायत, म्हस बघतीया, आम्ही दोघी बघतोय. मोना म्हणाली मेनूवर अडकलंय.

मग दुसरं एक विकतचं सॉफ्टवेअर, पण आधी चाखून बघा असलं. त्यात लागलं. आवाजासकट लागलं. यश, मी खुर्ची पुढं ओढली. पण ते पाच मिनिटंच चालतंय. पाच मिनिटं झाली की थांबतंय आणि विकत घ्या म्हणतंय. पुढं सरकवून बघू म्हटलं तर तेपण देत न्हाय, परत पहिल्यापासनं. मोना म्हणाली विकत घेऊ, तर ते बाहेरच्या देशातलं, तिचं कार्ड घेत न्हाय, माझ्याकडं कार्डच न्हाय.

त्या पाच मिनिटांत काय हाय सांगते. आधी दिवा, तुतारी, कमळातनं गुलछडी वर येती, मल्लेशची सगळी कला. मग आपलं दार. सयाजी भावजींचे केस काळे हायत. आणि तू हायस. गुडघ्यावर बसून तिची शिंगं रंगवतोयस, गालाला लाल हिंगूळ लागलाय, कुणीतरी हाक मारली म्हणून वळून हसतोस. अठरा वर्षांचा होतास. मग घाट, गर्दी, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, म्हशींच्या पुढं पळणाऱ्या मोटरसायकलींचा धूर. मग हाकेवर म्हस बोलवायची पाळी, आबा गर्दीतनं पुढं येतात. गुलछडी लांब त्या टोकाला उभी. आबा फेटा मागं सारतात, हात तोंडाजवळ नेतात, तोंड उघडतात. तिथं पाच मिनिटं संपतात.

हाक येत न्हाय. आबांचं तोंड उघडं राहतंय आणि त्यावर आडवी पट्टी येती, विकत घ्या.

संयोगिताच्या पोरीचं खोटं होतं. ती पोरगी मोबाईलवर कार्टून बघती, तिला आजोबा कशाला पायजेत. मलाच पायजे. ती हाक मला ऐकायची हाय. कशासाठी ते विचारू नकोस.

आई


१३ सप्टेंबर २०२४

यशराज,

रोज मोनाच्या दुकानात जाते. लोक उत्पन्नाचे दाखले काढाय येतात, आधार जोडाय येतात, मी कोपऱ्यात बसून पाच मिनिटं बघते. काल चौदाव्यांदा बघितली. मोना आता चहा पुढं ठेवती. एक पावणा म्हणाला, "मावशी, तोच तोच सिनेमा बघताय व्हय?" मी म्हटलं, व्हय, माझाच हाय.

तुला गोठ्याचं सांगायचं राहिलं. खालचा गोठा परत बांधला न्हाय. नुसता चौथरा हाय, त्यावर गवत उगवलंय. म्हशी भावजींनी वर पाण्याच्या टाकीजवळ नेल्या, तिथं शेड घातलं. गुलछडी चौदा वर्षांची झाली. भावजी रोज संध्याकाळी दुसऱ्या म्हशी गंगावेशीला दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकापुढं धार काढाय नेतात, हिला नेत न्हाईत, आटलीय ती. इका म्हणून किती जण म्हणाले. भावजी म्हणतात, "दादाची हाय, मरंस्तोवर खाईल."

पाच वर्षं ती आपल्या बोळातनं खाली आली न्हाय. ओढून बघितलं, मारून बघितलं, टाकीच्या वळणावर चारी पाय रोवती. पण दिवस कलला, धारेची वेळ झाली की मान वळवून बोळाकडं बघत उभी राहती. कान पुढं. वैरण तोंडात तशीच. भावजी म्हणतात म्हातारी झाली, तिला काय ऐकू येतंय. मी काय बोलत न्हाय, कारण त्याच वेळेला मलापण ऐकू येतंय. मी खाली मागच्या दारात असते, ती वर टाकीजवळ, आणि दोघी एकाच बाजूला बघतोय, मोकळ्या चौथऱ्याकडं.

कुणाची हाक ते मला नीट सांगता येत न्हाय. आधी वाटायचं आबांची. आता वाटतंय आबांची न्हाय. म्हणून खरी ऐकायची हाय, म्हणजे ताडून बघता येईल.

वेडी झाली म्हणशील. म्हण. पण सॉफ्टवेअरचं बघ.

आई


२९ सप्टेंबर २०२४

यशराज,

तुझा कागद आला.

पाकिटावर पत्तापण टाईप केलेला. मला वाटलं बँकेचं काही. आत एक पान. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय.

"१. डिस्क घातल्यावर आपोआप जे उघडेल ते बंद करणे. २. शंकूचे चिन्ह असलेला फुकटचा प्लेअर उघडून त्यात ओपन डिस्क निवडणे. ३. ब्लू-रेवर खूण करणे. ४. त्याखालच्या नो डिस्क मेनूज ह्या चौकोनात खूण करणे. मेनू लागतच नाही. ५. प्ले दाबणे. ६. दुसरे काहीही विकत घेऊ नये. ७. आवाज बारीक वाटल्यास स्पीकर वेगळा लावून उजव्या बाजूला ठेवणे."

करणे, निवडणे, दाबणे. ना आई, ना यश. शेजारच्या ऑफिसाला पाठवावं तसं. मोना म्हणाली, "काकू, हे आधी कळलं असतं तर महिना वाचला असता, नुसत्या एका चौकोनाचं काम होतं." मी तिला म्हटलं, सातवं कलम वाच. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतंय हे तुला ध्यानात हाय. त्या एका ओळीवर मी दोन दिवस काढले.

तर चौकोनात खूण केली. लागली. दिवा न्हाय, कमळ न्हाय, सरळ आपलं दार. मी मोनाला सांगितलं, आबा पुढं आले की थांबीव. तिनं थांबवलं. ती माझ्याकडं बघाय लागली. महिनाभर जिच्यासाठी जीव टाकला ती हाक आता एका बोटावर आली, आणि मी म्हणतीया थांबीव.

मला ती दुकानात ऐकायची न्हाय. घरी ऐकायचीय, मागच्या खोलीत, गोठ्याकडचं दार उघडं टाकून. आणि वर टाकीजवळ गुलछडी मोकळी पायजे. एक बघायचं हाय मला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोनाचं दुकान बंद असतंय, लॅपटॉप घेऊन येते म्हणाली.

तुला खरं सांगू? मला मनातनं वाटतंय की ती येऊ नये. देवाला तेच मागितलंय. मशीनमधल्या आवाजाला म्हस कशाला भुलतीया? म्हस हाय ती. ती जागची हलली न्हाय, की मी सुटले.

आई


१३ ऑक्टोबर २०२४

यश,

आली.

सांगते.

चार वाजता मोनानं मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला, स्पीकर उजव्या बाजूला ठेवला. सयाजी भावजींना मी बोलीवलंतं. त्यांना वाटलं दादाचं शूटिंग बघायचं, नवा शर्ट घालून आले. वर जाऊन गुलछडीचं दावं मीच सोडून आले. ती तिथंच वैरण खात राहिली.

तुझ्या कागदाप्रमाणं सगळं केलं. तू शिंगं रंगवलीस, हसलास. भावजींनी तुला बघितलं आणि मान खाली घातली. मग आबा आले, फेटा मागं सारला, तोंड उघडलं आणि ह्या वेळेला आवाज आला.

"गुलछडेऽऽऽ, ये गंऽऽऽ!"

खोली भरली. मोनाच्या अंगावर काटा आला, तिनं हात दाखवला. मी आबांकडं बघितलंच न्हाय. मी दारातनं बोळाकडं बघत होते. न्हाय. काय न्हाय. बोळ मोकळा. म्हटलं, सुटले.

मग डिस्कमधी आबांनी दुसऱ्यांदा हाक दिली. आणि वरनं घुंगरू वाजलं.

यश, ती पळत आली. चौदा वर्षांची म्हातारी म्हस, पाच वर्षं जिनं वळण ओलांडलं न्हाय, ती बोळातनं धडधडत खाली आली. आपल्या घराच्या भिंतीला घासून गेली, चौथऱ्यावर चढली आणि जिथं तिची जागा होती तिथं उभी राहिली, तोंड आपल्या दाराकडं करून. धापा टाकत होती. डिस्कमधी लोक टाळ्या वाजवत होते. आबा हसत मल्लेशच्या कॅमेऱ्याला सांगत होते, "कुठंबी असू दे, हाक मारली की येतीच."

मोनानं बंद केलं. तरी गुलछडी तिथंच. दारात बघती, आबा कुठनं निघतात म्हणून. मी तिच्या पुढं गेले तर माझ्यावरनं नजर पलीकडं टाकली. दिवस बुडंस्तोवर हलली न्हाय.

भावजी उंबऱ्यावर बसले. साधा माणूस, पण म्हशी ओळखणारा माणूस. मग म्हणाले, "वयनी, त्या दिवशी दादानं हाक मारलीती?"

मी म्हटलं, ठावं न्हाय.

"न्हाय, मारली असंल तर... ती वर मोकळी असली तरी खाली यायची की. आजच्यागत. मग पोरानं सोडली असंल."

चुलीवर दूध हाय म्हणून आत गेले. चुलीवर काय नव्हतं.

आई


३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

यश,

हे पत्र कुणालाबी दाखीव. संयोगिताला दाखीव, तुझ्या ऑफिसात दाखीव.

त्या बुधवारी दुपारी आबा आणि भावजी चार म्हशी घेऊन वर गेलते. गुलछडी राहिलीती, ती तुला आणायला सांगितली. मी घरात धान्याचे डबे माळ्यावर चढवत होते. तू तिला कधी घेऊन गेलास ते मी बघितलं न्हाय, हे खरं. मग आबा परत आले, कमरेएवढ्या पाण्यातनं, मागच्या दारानं. म्हणाले, "गुलछडी वर दिसंना, पोरगंबी दिसंना." तू तेव्हा पलीकडच्या धोंडुबाईला पाठीवर घेऊन निघालतास. आम्हाला काय ठावं.

गोठ्यात अंधार, पाणी, काय दिसत न्हाय. आबा म्हणाले, मी वर जाऊन परत बघतो. ते वळलेते यश, ते वर निघालेते. मी म्हटलं, "वर कशाला जाता? आतच असंल ती. आत जाऊन हाक मारा की."

मी म्हटलं.

ते गोठ्यात शिरले आणि हाक मारली. मी दारात उभी. आणि मी बघितलं, गुलछडी वरनं आली. टाकीकडनं, बोळातनं, पाणी कापत, गळ्यात दावं लोंबत. आतनं न्हाय, वरनं. माझ्यासमोरनं गेली, हाताच्या अंतरावरनं. तू तिला सोडलीस, वर नेलीस, वळणावर उभी केलीस, आबा दुसऱ्या बोळानं उतरले म्हणून त्यांना दिसली न्हाय. ती सुखरूप होती. हाकेनं खाली आली आणि आबांकडं आत घुसली. मी ओरडणार होते की अहो, ती हितं हाय, बाहेर या. तोंडातनं शब्द फुटायच्या आत भिंत गेली. गुलछडी पोहून निघाली. आबा न्हाईत निघाले.

मग सगळे जमले. म्हशीच्या गळ्यात दावं बघून कुणीतरी आबांचं नाव घेऊन म्हणालं, गणपतरावांनी सोडवली बघा जाताजाता. कुणीतरी म्हणालं, पोरानं बांधलेलीच ठेवलीती वाटतं. मी ऐकत होते. मी एवढंच म्हणायला पायजे होतं, न्हाय, ती वरनं आली. पण ते म्हटलं की पुढचं आलंच, मग गणपतराव आत कशाला गेले, कुणाच्या सांगण्यावरनं गेले. म्हणून मी म्हटलं, व्हय, बांधलेलीच होती. पहिल्या दिवशी हळू म्हटलं. पाणी उतरल्यावर घाटावर रक्षा सोडताना ओरडून म्हटलं. खोटं ओरडून बोललं की आपल्याला पण खरं वाटाय लागतंय. आईनं पोराला नदीत ढकलावं तसं केलं मी, आणि लोक मलाच धरून रडले.

संध्याकाळची ती हाक कुणाची, ते डिस्क ऐकल्यावर कळलं. आबांची तर भरदार, लांब. मला ऐकू येती ती बाईची हाय. "हाक मारा की." माझीच.

काल पाडव्याला सकाळी भावजींना सांगितलं. ते म्हशींची शिंगं रंगवत होते. ब्रश हातातनं पडला. मला वाटलं अंगावर येतील, मी तशी उभीपण राहिले. ते म्हणाले, "मी पोराला मारलं वयनी, दादाच्या रक्षेसमोर मारलं." मग तिथंच खाली बसून रडले. ह्या वर्षी त्यांनी एकपण म्हस घाटावर नेली न्हाय.

मग मी फराळाची ताटं भरली. दिवाळीची ताटं तशी पोरीबाळी पोचवतात, ह्या वेळेला मी गेले. त्या दिवशी घाटावर जे जे होते त्यांच्या घरी, एकेक करून, अठ्ठावीस घरं झाली रात्रीपर्यंत. ताट खाली ठेवायचं आणि सांगायचं, यशराजनं म्हस सोडलीती, मी डोळ्यांनी बघितलं, मी खोटं बोलले. लोकांना माझं तोंड आवरावं असं झालं. "असू द्या वयनी, झालं गेलं." "सणासुदीचं कशाला?" एकीनं चकली घेतली आणि दार लावून घेतलं. धोंडुबाई आता अंथरुणाला खिळलीय, ती तेवढी बोलली. "मी तवाच सांगत होते, पोरगं म्हशीला वर बांधाय दोरी मागत होतं माझ्याकडं. म्हातारीला चळ लागलाय म्हणालीस तू." म्हणालेते. ते पण मीच म्हणालेते.

तुला ये म्हणत न्हाय. माफ कर पण म्हणत न्हाय, ते मागायला तोंड पायजे. डिस्क ह्या पत्राबरोबर पाठवतीया, मोनानं नीट गुंडाळून दिलीय. हाकेच्या आधी तू हायस, हसतोयस, ते बघ. मला ती आता नको.

एकच सांगायचं राहिलं, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. पहिल्या दिवशी तू सगळ्यांना ठणकावून सांगत होतास, "मी सोडली तिला, आई, मी सोडली." घाटावर म्हणालास, "सोडलीती मी." आणि तेराव्याला, बॅग हातात घेऊन दारात उभा होतास तेव्हा तू खाली बघून म्हणालास, "आई, मला वाटतंय मी सोडली होती." तेरा दिवसांत मी तुला तिथवर आणलं. पाच वर्षांत तू आणखी कुठवर गेला असशील?

तुला वाटत न्हाय, यश. तू सोडली होतीस. मी बघितलं.

आई